थंडीचे कुंपण

उष्ण प्रदेशातला मासा नव्या मुलखात कुठवर पसरेल, हे तिथल्या सरासरी तापमानापेक्षा हिवाळ्यातल्या चार-आठ कडाक्याच्या रात्रींवर जास्त ठरते. माशाचे अंग भोवतालच्या पाण्याइतकेच गार असते. पाणी गारठले की पेशींची आवरणे ताठरतात, विकरे मंदावतात, अंगातल्या क्षारांचा तोल ढळतो. तिलापिया साधारण २० अंश सेल्सिअसखाली अंडी घालणे थांबवतो, १६ अंशांच्या आसपास खाणे सोडतो आणि पारा १० अंशांकडे उतरला की कुशीवर कलंडतो. कल्ले हलत असतात, पण हात लावला तरी मासा सुळकन निसटत नाही. यातून तगला, तरी पुढे अंगावर कापसासारखी बुरशी धरते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने या मर्यादेवर भरवसा ठेवून एक धाडस केले. मायामीच्या कालव्यांत आफ्रिकेचा ठिपकेदार तिलापिया माजला होता. त्याला खाण्यासाठी, शिवाय गळाच्या हौशी शिकाऱ्यांसाठी, सरकारी मत्स्यखात्याने १९८४ मध्ये ॲमेझॉनमधला पिकॉक बास मुद्दाम सोडला. पाणी १५-१६ अंशांखाली गेले की हा मासा मरतो, म्हणून तो उत्तरेकडे सरकणार नाही, हा हिशेब होता. तो बराचसा खरा ठरला.

जानेवारी २०१० मध्ये दक्षिण फ्लोरिडात सुमारे बारा दिवस थंडीची लाट टिकली. एव्हरग्लेड्सच्या उथळ दलदलीत मध्य अमेरिकेतल्या मायन सिक्लिडची संख्या एकदम कोसळली. तरी काही वर्षांतच तो पुन्हा वाढला, आणि याचे कारण माणसानेच खणून ठेवले आहे. दलदल उपसण्यासाठी चुनखडकात खोल कालवे काढले गेले. त्यांत झिरपणारे भूजल वर्षभर २४-२५ अंशांच्या आसपास राहते. थंडीत मासे तिथे आसरा घेतात, ऊन तापले की पुन्हा दलदलीत पसरतात. जर्मनीत कोलोनजवळच्या गिलबाख ओढ्यात तर वीजकेंद्राच्या कोमट पाण्यावर गप्पी आणि तिलापिया वाढले आहेत.

म्हणून एका थंडीच्या लाटेनंतर ‘परके मासे संपले’ अशी ग्वाही देणे घाईचे आहे. थंडी त्यांना अडवते, उपटून टाकत नाही. आणि उजनीच्या जलाशयात, जिथे मूळ आफ्रिकेचा तिलापिया ‘चिलापी’ या नावाने बाजारात येतो, तिथे ऐन डिसेंबरातही पाणी त्याला मारण्याइतके गार होत नाही.