अडीच लिटरचे दीर्घायुषी इंजिन

इंग्लंडमधील पीटरबरो येथे १९३२ साली स्थापन झालेल्या पर्किन्स कंपनीचे तीन सिलिंडरांचे, सुमारे अडीच लिटरचे ३.१५२ डिझेल इंजिन मॅसी फर्ग्युसन ३५ व पुढे १३५ या ट्रॅक्टरांवर बसविले गेले. त्यांपैकी कित्येक ट्रॅक्टर अद्यापि कामावर आहेत.

या टिकाऊपणाचे एक कारण म्हणजे सिलिंडरांतील बदलता येणारे लायनर. ते झिजल्यास ब्लॉक टाकून न देता लायनर, पिस्टन व रिंगा नव्या बसविता येतात. परंतु हा खर्च लवकर ओढवतो तो धुळीमुळे. नांगरताना उडणारी धूळ हवेबरोबर आत शिरली, की ती कानशीसारखी लायनर घासते. यास्तव एअर क्लीनरच्या वाटीतील तेल रोज पाहावे. ते गढूळ होताच काढून टाकावे व वाटी धुऊन खुणेपर्यंत नवे तेल भरावे. डिझेल स्थिर ठेवून, गाळ तळाशी बसल्यावर वरचेच घ्यावे.

जुना ट्रॅक्टर घेताना रंगापेक्षा धूर पाहावा. इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिल्यास आत वंगण जळत आहे, असे समजावे. ग्रामसेवकांनी हे शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावे. ऐन पेरणीत इंजिन बंद पडले, तर वाफसा कोणासाठी थांबत नाही.