घर बदलताना प्रतिकृती-रेल्वे

कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील जॉन ॲलन यांनी १९५० च्या दशकात नवे घर घेतले, तेव्हा आपल्या ‘गॉरी अँड डेफीटेड’ या प्रतिकृती-रेल्वेचा मूळ छोटा लेआउट, म्हणजे रूळ, डोंगर व वस्तीसह उभारलेली मांडणी, मोडीत न काढता तळघरातील जमिनीपासून छतापर्यंत चढणाऱ्या नव्या मांडणीत त्यांनी सामावून घेतला, आणि हा निर्णय या छंदातील दूरदृष्टीचा नमुनाच म्हटला पाहिजे. ही रेल्वे एचओ प्रमाणाची, म्हणजे १:८७ आकाराची होती आणि तिच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर होते.

अशी मांडणी हलवताना लाकडी पायाचे दारातून व जिन्यातून निघतील एवढे भाग पाडावे लागतात. सर्वाधिक जपावी लागते ती दोन भागांच्या सीमेवरील रुळांची टोके. ती पितळी स्क्रूंच्या माथ्यावर डाख देऊन पक्की केल्यावरच रूळ बारीक करवतीने कापतात, कारण टोक केसभर जरी सरकले, तरी गाडी त्या जोडावर हमखास घसरते. विजेच्या तारांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावणे ओघानेच आले. नव्या खोलीचा आराखडा मात्र वळणांपासून सुरू करावा, कारण वळणाची त्रिज्या अपुरी पडल्यास लांब डबे तेथून मुळीच जात नाहीत.