नोझलपाशी अडलेलं तेल

करंजाच्या तेलावर इंजिन खरंच चालतं का, हे बघून यायला संपादकांनी सांगितलं, म्हणून पंप-नोझल दुरुस्तीचं दुकान गाठलं. मिस्त्रींनी काही न बोलता नोझल टेस्टरवर चढवलं आणि दांडा दाबला. डिझेलचं बारीक धुकं उडालं. मग करंजाचं तेल भरून पुन्हा दाबलं. या वेळी जाड धार आली आणि शेवटचा थेंब टोकाला लोंबत राहिला. “हाच जळून कोळसा धरतो,” ते म्हणाले.

कल्पना जुनीच. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो कंपनीने छोटं डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवलं होतं; ती हकिगत पुढे खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनीच सांगितली. नंतर खनिज डिझेल मुबलक झालं आणि इंजिनं त्याच्याच पातळपणाला बेतून घडत गेली.

वनस्पती तेल डिझेलच्या साधारण दहापट घट्ट. ७०-८० अंशांपर्यंत तापवलं की बरंच पातळ होतं, आणि त्यासाठी सायलेन्सरची वाया जाणारी उष्णता पुरते. जाणकार माणूस इंजिन डिझेलवर सुरू करतो, तापलं की कॉक फिरवून तेलावर घेतो आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणतो, म्हणजे नळ्यांत तेल थिजत नाही. मोठ्या चाकाचं, संथ चालीचं एक सिलिंडरचं इंजिन हे सगळं सोसतं. मला तर या इंजिनाचं फार कौतुक वाटतं. कर्नाटकातल्या कग्गनहळ्ळीत भारतीय विज्ञान संस्थेचे उडिपी श्रीनिवास यांनी होंगेच्या, म्हणजे आपल्या करंजाच्याच तेलावर जनरेटर चालवून शेतीपंपांना वीज दिली.

पण कॉक फिरवायचा राहिला, की पुढचं दुखणं मिस्त्रींच्या टेबलावर येतं. नोझलवर कोळसा, खाचेत चिकटलेल्या रिंगा, चेंबरमध्ये उतरलेल्या तेलाने दाट झालेलं इंजिन ऑइल. नव्या कॉमन रेल गाड्यांत तर हा प्रयोग करूच नये. तेलाच्या घट्टपणावर उपाय बायोडिझेलचा: तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून ग्लिसरीन वेगळं काढायचं. पण मिथेनॉल विषारी. गावातल्या शेडमध्ये ते हाताळायचं म्हटलं की मला धास्ती वाटते.

२००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत पेट्रोल-डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं, जट्रोफाची लागवडही झाली. डिझेलच्या बाबतीत ते उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. करंज रस्त्याकडेला आपणहून उभा असतो खरा, पण शेंगा भर उन्हात वेचायच्या, हाताने फोडायच्या, आणि घाण्यातून चार किलो बियांमागे जेमतेम किलोभर तेल निघायचं. तेवढ्यालाही साबणवाल्यांचं गिऱ्हाईक आधीपासून आहेच.