नव्या लॅपटॉपची सीडी कुठे गेली?

धाराशिव, कळंब, उमरगा, कुठूनही नवा लॅपटॉप घ्या. खोक्यात विंडोजची सीडी सापडत नाही. कंपनी ती सोय बहुधा डिस्कच्याच एका लपवलेल्या भागात ठेवते. म्हणजे दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावण्यासारखं! डिस्क गेली की विंडोजही गेलं, दुरुस्तीची सोयही गेली.

म्हणून पहिल्याच दिवशी ३२ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लावा, विंडोजमध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ शोधा आणि सिस्टीम फाइल्सच्या चौकटीत टिक करा. यात तुमचा प्रबंध येत नाही बरं का. त्याची प्रत वेगळी ठेवा.

आणि विंडोज ८ पासून सोबत आलेल्या विंडोजची लायसन्स की सहसा मदरबोर्डवर असते. नुसती डिस्क बदलली तर तीच आवृत्ती टाका. नवं लायसन्स विकत घ्यावं लागत नाही.