लिफाफ्यावरील पत्ता आणि संगणकाचे साहाय्य

बँकेचे बरेचसे व्यवहार आज संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर होत असले, तरी टपालाचे महत्त्व संपलेले नाही. धनादेश पुस्तिका, डेबिट कार्ड, कर्जखात्यासंबंधीची नोटीस अशा अनेक महत्त्वाच्या गोष्टी आजही लिफाफ्यातूनच ग्राहकाच्या दारी पोहोचतात. पत्राचा मजकूर कितीही निर्दोष असला, तरी लिफाफ्यावरील चार ओळी चुकल्या की सारे श्रम वाया जातात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे एका खातेदाराची माहिती दुसऱ्याच्या हाती पडू शकते.

कायद्यानेही पत्त्याला मोठे स्थान दिले आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ मधील कलम २७ नुसार, योग्य पत्ता लिहून व टपालखर्च भरून रजिस्टर्ड टपालाने पाठविलेले पत्र, विरुद्ध पुरावा नसल्यास, नेहमीच्या टपालक्रमाने पोहोचले असे गृहीत धरले जाते. या गृहीतकाचा पायाच मुळी ‘योग्य पत्ता’ हा आहे. म्हणूनच संगणकाच्या साहाय्याने लिफाफे कसे छापावेत, याची माहिती शाखेतील कर्मचाऱ्यांप्रमाणेच गृहनिर्माण संस्थेचे सचिव किंवा परप्रांतातील महाराष्ट्र मंडळाचे कार्यवाह यांनाही उपयुक्त ठरावी.

एकच लिफाफा छापताना

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये पत्र तयार झाल्यावर त्यातील पत्ता निवडावा व ‘मेलिंग्ज’ या विभागातील ‘एन्व्हलप्स’ हा पर्याय उघडावा. निवडलेला पत्ता तेथे आपोआप येतो. शेजारच्या चौकटीत पाठविणाऱ्याचा पत्ता लिहावा. तो कधीही गाळू नये, कारण पत्र पोहोचले नाही तर परत येण्याचा तोच मार्ग असतो. ‘ऑप्शन्स’मध्ये लिफाफ्याचा आकार निवडता येतो. कार्यालयीन वापरातील ‘डीएल’ लिफाफा २२० × ११० मिलिमीटर आकाराचा असतो व ए-४ कागदाची तीन समान भागांत केलेली घडी त्यात नेमकी बसते. लिब्रेऑफिस या विनामूल्य संगणकप्रणालीतही ‘इन्सर्ट’ या यादीत ‘एन्व्हलप’ हा पर्याय आहे.

प्रिंटरमध्ये लिफाफा कोणत्या बाजूने घालावा, हा नेहमीचा प्रश्न. त्यासाठी साध्या कागदावर पेन्सिलीने बाण काढून तो प्रथम छापून पाहावा. बाणाची दिशा व छापलेली बाजू पाहिली की उत्तर मिळते. लेझर प्रिंटरमध्ये उष्णता निर्माण होत असल्याने, त्यासाठी योग्य असल्याची खात्री केल्याशिवाय प्लास्टिकची खिडकी असलेले लिफाफे त्यात घालू नयेत.

शेकडो लिफाफे छापताना

अनेकांना पत्रे पाठवायची असतील तर ‘मेल मर्ज’ ही सुविधा वापरावी. तिचे तत्त्व सोपे आहे. लिफाफ्याचा आराखडा एक, पत्त्यांची यादी दुसरी आणि संगणक या दोहोंची सांगड घालतो.

१. एक्सेलमध्ये नाव, पत्त्याची पहिली ओळ, दुसरी ओळ, शहर, राज्य व पिनकोड असे स्वतंत्र स्तंभ करून यादी तयार करावी.
२. वर्डमध्ये ‘मेलिंग्ज’ विभागातील ‘स्टार्ट मेल मर्ज’मधून ‘एन्व्हलप्स’ निवडावे व आकार ठरवावा.
३. ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’मधून आपली यादी जोडावी.
४. ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’द्वारे प्रत्येक स्तंभ लिफाफ्यावर आपापल्या जागी ठेवावा.
५. ‘प्रिव्ह्यू रिझल्ट्स’मध्ये काही पत्ते डोळ्यांखालून घालावेत.
६. ‘फिनिश अँड मर्ज’मध्ये थेट छपाई न करता प्रथम ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ निवडावे. सर्व लिफाफे पडद्यावर दिसतात व त्यांची संख्या यादीशी ताडून पाहता येते.

खरी कसोटी यादीची

संगणक यादीत जे आहे तेच छापतो; ते बरोबर की चूक, हे तो जाणत नाही. म्हणून खरी दक्षता यादी तयार करतानाच घ्यावी लागते.

यादी अकारविल्हे किंवा पिनकोडनुसार लावताना संपूर्ण तक्ता निवडलेला असला पाहिजे. केवळ एकच स्तंभ निवडून क्रम बदलला, तर नावे हलतात आणि पत्ते जागच्या जागी राहतात. लिफाफे दिसायला सुबक छापले जातात, परंतु प्रत्येक पत्र भलत्याच घरी जाते. ही चूक पडद्यावर सहज ध्यानात येत नाही. त्यासाठी क्रम लावल्यानंतर चार-पाच नोंदी मूळ कागदपत्रांशी पडताळून पाहाव्यात.

पत्रासाठी याच यादीत खाते क्रमांक घ्यायचा असेल, तर तो स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ स्वरूपात ठेवावा. एक्सेल अन्यथा आकड्याच्या आरंभीचे शून्य गाळते आणि पंधराव्या अंकापुढील अंकांच्या जागी शून्ये घालते. खाते क्रमांक लिफाफ्याच्या बाहेरील बाजूस मात्र कदापि छापू नये. जुन्या मराठी फाँटमधील यादी असल्यास ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी, नाहीतर पत्त्याच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग उमटते.

पत्रे व लिफाफे वेगवेगळे छापले जात असतील, तर दोन्हींवर यादीतील अनुक्रमांक लहान अक्षरांत घ्यावा. प्रिंटरमध्ये एखादा लिफाफा अडकला की पुढचा सगळा क्रम एकाने सरकण्याचा संभव असतो. अनुक्रमांक जुळवूनच पत्र लिफाफ्यात घालावे.

पिनकोडचे सहा अंक

भारतासारख्या बहुभाषी देशात एकाच नावाची अनेक गावे आहेत. बिलासपूर छत्तीसगढमध्ये आहे, तसेच हिमाचल प्रदेशातही. पिनकोड मात्र भिन्न आहेत. पहिल्याचा ४९५००१, तर दुसऱ्याचा १७४००१. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे विद्वान व केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी होते. पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरण जिल्हा आणि अखेरचे तीन अंक टपाल कार्यालय दर्शवितात. पहिला अंक ९ असल्यास ते टपाल लष्करी टपाल सेवेचे असते.

म्हणून यादीतील पिनकोडचा स्तंभ प्रथम तपासावा. सहापेक्षा कमी-अधिक अंक असलेली किंवा शून्याने आरंभ होणारी नोंद निश्चितच चुकीची समजावी. परराज्यात जाणारा पत्ता इंग्रजीत किंवा हिंदीत छापणे सोयीचे, कारण तेथील टपाल कर्मचाऱ्यास मराठी अवगत असेलच असे नाही.

परत आलेला लिफाफा

‘पत्ता सोडून गेले’ अशा शेऱ्यासह परत आलेला लिफाफा कपाटात ठेवून देऊ नये. त्यावरून नोंद दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या वेळी संगणक तोच चुकीचा पत्ता तितक्याच सुबकपणे पुन्हा छापील.

ग्राहकांचीही यात जबाबदारी आहे. बदली झाली, घर बदलले, मुलाकडे दुसऱ्या शहरी राहावयास गेलो, की नवा पत्ता पिनकोडसह शाखेस अवश्य कळवावा. ज्या खात्यात वर्षानुवर्षे व्यवहार झालेला नाही, तेथे तर पत्ता हाच बँक आणि खातेदार यांच्यातील दुवा उरतो. खातेदाराच्या पश्चात त्याच्या वारसांपर्यंत पोहोचण्याचा मार्गही पुष्कळदा त्याच पत्त्यावरून जातो. पासबुक भरून घेण्यास शाखेत याल, तेव्हा आपला नोंदविलेला पत्ता एकदा वाचून पाहावा, ही विनंती.