‘चालक’ या नामाची व्याप्ती आणि चालकरहित मालमोटार

१

व्यवसायवाचक नाम पुष्कळदा त्या व्यवसायातील एखाद्याच ठळक क्रियेवरून बनते. लेखनिक केवळ लिहीत नाही, विणकर केवळ विणत नाही. नावात न आलेली अनेक कामे दोघेही करीत असतात, परंतु ती गृहीत धरली जातात. एरवी याकडे लक्ष जाण्याचे कारण नसते. मात्र नावातील क्रिया यंत्राने उचलली आणि बाकीची कामे मागे उरली, म्हणजे त्या नावाच्या पोटात काय काय सामावले होते, याचा हिशेब करावा लागतो. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीसाठी स्वयंचालित मालमोटारी सिद्ध करणाऱ्या अमेरिकेतील नव्या कंपन्यांमुळे ‘चालक’ या नामाच्या बाबतीत हा प्रसंग आला आहे.

यांपैकी ऑरोरा इनोव्हेशन ही कंपनी ख्रिस अर्मसन, स्टर्लिंग अँडरसन व ड्रू बॅग्नेल यांनी २०१७ मध्ये स्थापन केली. २०२५ च्या एप्रिलअखेर तिने टेक्सास राज्यात डल्लस व ह्यूस्टन या शहरांच्या दरम्यान चालकावाचून व्यापारी मालाची ने-आण सुरू केली. ही कंपनी मालमोटारी बांधीत नाही. पॅकार, व्होल्वो यांसारख्या कारखानदारांच्या मोटारींवर ती आपली यंत्रणा बसविते आणि त्या यंत्रणेला तिने ‘ऑरोरा ड्रायव्हर’ असे नाव दिले आहे. म्हणजे विकावयाची वस्तू मोटार नसून ‘ड्रायव्हर’ आहे. हे नाव कितपत सार्थ आहे, हाच येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न होय.

२

प्रथम यंत्रणेने काय साधले आहे ते पाहू. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर भरलेल्या मालमोटारीचे एकूण वजन सामान्यतः ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ मेट्रिक टनांपर्यंत असू शकते. ताशी ६५ मैल वेगाने जाणारे एवढे वजन थांबविण्यास ५०० फुटांहून अधिक अंतर लागते. म्हणून धोका फार दुरून ओळखता आला पाहिजे. यासाठी कॅमेरे, रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारे लायडार अशी तीन साधने एकत्र वापरली जातात. ऑरोराचे लायडार परत आलेल्या किरणाच्या कंप्रतेतील फरकावरून समोरील वस्तूचा वेगही तत्काळ मोजते. त्यामुळे रस्त्याकडेला उभी असलेली मोटार आणि मार्गात शिरू पाहणारी मोटार यांतील भेद दुरूनच कळू शकतो.

अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये स्वयंचालनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरविल्या. प्रस्तुत यंत्रणा चौथ्या पायरीवर मोडते. ठरावीक मार्ग व परिस्थिती यांच्या मर्यादेत तिला माणसाच्या साहाय्याची अपेक्षा नसते. परंतु ही वर्गवारी ज्या कार्याची आहे, त्याची व्याख्या लक्षणीय आहे. दिशा देणे, वेग राखणे, भोवताल न्याहाळणे आणि त्यास अनुसरून कृती करणे एवढेच त्या कार्यात येते; कोठे जावयाचे आणि केव्हा निघावयाचे, हे त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे. अभियंत्यांनी ‘चालविणे’ या धातूचा अर्थ असा नेमका, आणि म्हणूनच अरुंद, केला.

३

आपल्याकडे मालमोटारीवर ड्रायव्हर व क्लीनर अशी जोडी असण्याची रूढी आहे. चाकांतील हवा पाहणे, ताडपत्री आवळणे, गाडी मागे घेताना आवाज देणे ही कामे क्लीनरची. या विभागणीमुळे मराठीत ‘ड्रायव्हर’ या शब्दाचा अर्थ काहीसा सीमित राहिला. अमेरिकेत बहुधा एकटाच माणूस गाडीवर असतो. निघण्यापूर्वीची तपासणी, मालाची बांधणी, इंधन, कागदपत्रे, वजनकाट्यावरील थांबा हे सर्व तोच पाहतो. आणि तेथे त्या सर्वांसह तो ‘ड्रायव्हर’ असतो.

कायद्याच्या भाषेतही हा विस्तृत अर्थ गृहीत आहे. मालमोटार महामार्गावर बंद पडली, तर ‘ड्रायव्हरने’ दहा मिनिटांच्या आत तीन इशारादर्शक खुणा रस्त्यावर ठेवाव्यात, असा संघीय नियम आहे. दुभाजक असलेल्या मार्गावर त्या येणाऱ्या रहदारीच्या दिशेने १०, १०० व २०० फुटांवर ठेवावयाच्या असतात. यंत्र मोटार थांबवू शकते. खाली उतरून दोनशे फूट चालत जाऊ शकत नाही. म्हणून वेमो व ऑरोरा या कंपन्यांनी २०२३ मध्ये मोटारीवरच लुकलुकणारे दिवे बसविण्याची सवलत मागितली. डिसेंबर २०२४ मध्ये ती नाकारण्यात आली. ऑरोराने न्यायालयात दाद मागितली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिला मुदतीची व सशर्त सवलत मिळाली. हा वाद वरकरणी दिव्यांचा असला, तरी मुळात तो ‘ड्रायव्हर’ या कर्तृपदाच्या अर्थाचा होता.

४

पाणिनीय व्याकरणात क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता, आणि क्रियासिद्धीस जे सर्वाधिक उपकारक ते करण, असा भेद केलेला आहे. यंत्र कर्ता की करण? टेक्सासच्या २०१७ च्या कायद्याने याचे उत्तर दिले आहे. स्वयंचालनाची यंत्रणा चालू असताना, वाहतुकीचे नियम पाळण्यापुरता, त्या यंत्रणेचा मालक हाच वाहन चालविणारा समजला जातो. मग तो गाडीत असो वा नसो. म्हणजे कायद्याने कर्तृत्व यंत्राला दिले नाही. ते आसनावरून उचलून मालकाकडे नेले.

याची उलट बाजूही लवकरच दिसून आली. मे २०२५ मध्ये पॅकारच्या विनंतीवरून ऑरोराने चालकाच्या आसनावर एक निरीक्षक बसविला. तो मोटार चालविणार नाही, असे कंपनीने त्याच वेळी सांगितले. आसनावर माणूस होता, परंतु या अर्थाने तो चालक नव्हता.

५

हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा राहत नाही, कारण अमेरिकेत अवजड मालमोटारींवर सुमारे वीस लाख चालकांची उपजीविका चालते आणि लांब पल्ल्याच्या चालकांना बहुधा मैलामागे वेतन मिळते. माल चढण्या-उतरण्याची वाट पाहण्यात गेलेल्या वेळाचे मोल पुष्कळदा मिळत नाही. नावाप्रमाणेच वेतनही एकाच क्रियेवर बेतलेले आहे. शिवाय माणसाला दहा तासांच्या विश्रांतीनंतर अकरा तासच गाडी हाकण्याची मुभा आहे. यंत्राला असे बंधन नाही. साहजिकच महामार्गावरील लांबचे मैल यंत्राकडे जावेत आणि तळापासून ग्राहकाच्या दारापर्यंतची ने-आण माणसाकडे राहावी, अशी योजना पुढे येते.

तात्पर्य, यंत्राने चालकाच्या कामाचा तोच भाग घेतला आहे, ज्याला नाव होते आणि ज्याचे दाम मिळत होते. उरलेला भाग, म्हणजे तपासणी, बांधणी, प्रतीक्षा आणि अडचणीच्या वेळी रस्त्यावर उतरणे, आजवर ‘चालक’ या नामाच्या आश्रयाने राहिला. ते नाम यंत्राकडे जात असताना या कामांना स्वतंत्र नावे द्यावी लागतील. कारण ज्या कामाला नाव नाही, त्याचे वेतन आणि त्याची जबाबदारी करारात लिहिता येत नाही.