'आम्ही' आणि 'आपण'

रविवारच्या मिस्सामध्ये प्रभूने शिकविलेली प्रार्थना म्हणताना आपण देवाला 'आमच्या' पित्या अशी हाक मारतो. त्याच मिस्सामध्ये धर्मगुरू मात्र भाविकांना 'आपण प्रार्थना करू या' असे म्हणतात. हा फरक आपण सहज करतो, त्यासाठी व्याकरण आठवावे लागत नाही. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा त्या शब्दाच्या बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. लॅटिन, पोर्तुगीज आणि इंग्रजी या भाषांत दोहोंसाठी एकच शब्द आहे. मराठीचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की समोरच्या माणसाला आदराने संबोधायचे झाले, तरी आपण 'आपण' हाच शब्द वापरतो. ज्याला आत घ्यायचे त्याला मान द्यायचा, ही शिकवण आपल्या भाषेतच दडलेली आहे.

धर्म असो वा राजकारण, माणसाचे मन वळविण्याचे काम शब्दच करतात. कोण आपला आणि कोण परका, हे पुष्कळदा विचार करण्यापूर्वीच एखाद्या शब्दाने ठरवून टाकलेले असते. हे कसे घडते, ते तीन उदाहरणांवरून पाहू या.

लोकांच्या भाषेत शुभवार्ता

पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेममध्ये जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या लोकांना प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले, असे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. सर्वांनी आधी एक भाषा शिकावी आणि मग शुभवार्ता ऐकावी, अशी अट पवित्र आत्म्याने घातली नाही.

येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी हाच मार्ग धरला. हे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापावे लागले. मात्र त्याची भाषा मराठी आणि छंद ओवीचा होता. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द येतो. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला आपल्या आजीआजोबांचे शब्द टाकून न देता प्रभू येशूची कथा ऐकता आली.

याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने एक फर्मान काढले. लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा त्याचा आशय होता. परंतु कोंकणी घराघरांत जिवंत राहिली. १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान मिळाले. सत्तेच्या बळावर लादलेला शब्द ओठांवर येईलही, पण तो मनात रुजत नाही.

प्रार्थनेतील एक विशेषण

ख्रिस्तसभेलाही शब्दांच्या बाबतीत पश्चात्ताप करावा लागला आहे. गुड फ्रायडेच्या उपासनेत यहुदी लोकांसाठी जी लॅटिन प्रार्थना होत असे, तिच्यात त्यांच्यासाठी 'परफिदिस' हे विशेषण होते. त्याचा जुना अर्थ 'विश्वास न ठेवणारे' असा लावता येत असला, तरी युरोपातील सर्वसामान्य भाविकाच्या कानाला तो 'विश्वासघातकी' असाच ऐकू येई. इतर प्रार्थनांच्या वेळी लोक गुडघे टेकत. या एका प्रार्थनेच्या वेळी मात्र शतकानुशतके टेकत नसत. ही उणीव १९५५ साली दूर झाली. वर्षातून एकदाच उच्चारला जाणारा शब्द, पण पिढ्यान्पिढ्या ऐकून शेजाऱ्याविषयीचे मत घडविण्यास तेवढे पुरेसे होते.

१९५९ साली पोप जॉन तेविसावे यांनी ते विशेषण वगळले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात स्पष्ट केले, की प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर वा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही. १९८६ साली पोप जॉन पॉल दुसरे रोममधील यहुदी प्रार्थनामंदिरात गेले आणि त्यांनी यहुद्यांना थोरले बंधू म्हटले. शब्द बदलला, तशी नात्याची दिशाही बदलली.

माणसाला 'झुरळ' म्हटले तेव्हा

प्रार्थनेतील शब्द सुधारण्याची संधी ख्रिस्तसभेला मिळाली. राजकारणात बिघडलेला शब्द दर वेळी तेवढी सवड देत नाही. आफ्रिकेतील रवांडा या देशातील बहुसंख्य लोक ख्रिस्ती आणि त्यांतही मोठा भाग कॅथलिक. तेथे १९९३ साली सुरू झालेले एक खासगी रेडिओ केंद्र तुत्सी जमातीच्या लोकांना 'झुरळे' म्हणू लागले. १९९४ च्या एप्रिलमध्ये हत्याकांड सुरू झाले, तेव्हा मारण्याला 'काम' म्हटले जाई. झुरळ मारताना कोणाचे मन कचरत नाही, आणि काम करणाऱ्याला अपराधी वाटत नाही. सुमारे १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, असा अंदाज आहे. मारणारे आणि मरणारे एकाच चर्चमध्ये एकच प्रार्थना म्हणत आले होते. २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने प्रसारमाध्यमांतील तिघांना या प्रकरणी दोषी ठरविले. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या सदस्यांच्या अपराधांबद्दल देवाकडे क्षमा मागितली.

आपल्या अंगणात

रवांडा दूर आहे, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्याकडेही निवडणूक जवळ आली की 'आपला माणूस', 'उपरे', 'त्यांचे लोक' अशा शब्दांना भाव येतो. आपण ख्रिस्ती लोक महाराष्ट्रात संख्येने थोडे. आपल्याला कोणी 'परके' म्हटले की ते आपल्या जिव्हारी लागते, आणि लागणे रास्तच आहे. परंतु आपल्या वस्तीत नव्याने राहायला आलेल्यांचा उल्लेख आपण 'बाहेरचे' असा करतो, तेव्हा आपल्याला काही वाटते का? चर्चमधून बाहेर पडताच मोबाइलवर आलेला एखाद्या समाजाची टिंगल करणारा संदेश आपण पुढे पाठवितो, तेव्हा सकाळी म्हटलेल्या प्रार्थनेचे काय होते?

आम्ही सुचवू इच्छितो, की असा संदेश पुढे धाडण्यापूर्वी किंवा एखादे भाषण ऐकून टाळी वाजविण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या शब्दाने माणूस माणूसच राहतो, की त्याचा कीटक, रोग वा ओझे होते? एकाच्या अपराधाचे खापर साऱ्या समाजावर फोडले जात आहे काय? आणि ज्याच्याविषयी हे बोलले जात आहे तो शेजारी समोर बसला असता, तर आपण हेच शब्द उच्चारले असते काय?

लहानशी ठिणगी रान पेटविते, तशी जीभ, असा इशारा संत याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात दिला आहे. एकाच तोंडाने देवाची स्तुती आणि माणसाला शाप, हे योग्य नव्हे, असेही तो बजावतो. येत्या रविवारी 'आमच्या' पित्याला हाक मारताना, त्या 'आमच्या'त आपण कोणाकोणाला धरतो, याचा क्षणभर विचार करू या.